अपियोचा दुसरा मांदाझी

बाळांनो, डोळे मिटा आणि केनियातल्या किसुमूच्या किनाऱ्यावर माझ्याशेजारी बसा. सरोवर शांत आहे, तरी होड्या वाळूत ओढलेल्या आहेत. परवाही आणि कालही जोराच्या वाऱ्याचा इशारा आला, वारा मात्र आलाच नाही.

इशारा काढणारा, फोर्ट्रान या संगणकाच्या भाषेतला प्रोग्राम अकेलो सांभाळायची. दुपारी तिचा कोळी भाऊ ओकेयो दारात येऊन बसला.

"ताई, आज पुन्हा तेच आलं तर पोरं इशारा न जुमानता निघतील. आणि नेमका तेव्हाच खरा वारा सुटला तर?"

"सकाळच्या वाऱ्याचा एक तक्ता, त्याचीच प्रत घेऊन सुरू होणारा संध्याकाळचा दुसरा," अकेलो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली. "सरोवरावर वारा जोर धरतो म्हणून आकडे वाढवायची दुरुस्ती दोन्हींत एकेकदाच घालते. चूक सापडत नाही रे."

एवढ्यात तिची लेक अदोंगो रडत आली. मागून तिची जुळी बहीण अपियो, तोंड भरलेलं, हातात आणखी एक मांदाझी, तळलेला गोड पाव. जुळ्यांना खाऊ द्यायचा तर दोघींना सारखा, ही आमची रीत. शेजारच्या रिस्पर काकूने एक अपियोला दिला आणि दुसरा, अदोंगो समजून, परत तिलाच.

"मला काय कळणार?" काकू कुंपणापलीकडून म्हणाली. "कपाळावर नावं लिहा की गं."

ओकेयो हसला. अकेलो हसली नाही.

"नावं दोन, पोरगी एकच," ती पुटपुटली.

प्रोग्राममध्ये तक्ता धरायला हँडल असतं, जशी माणसाला हाक मारायला नावं. दोन्ही तक्त्यांतले आकडे सारखे होते, पण तेवढ्याने तक्ता एकच ठरत नाही. या मुलीही सारख्याच दिसतात. म्हणून तिने फोर्ट्रानलाच विचारलं: या दोन हँडलांमागे वस्तू एकच आहे का?

उत्तर आलं, हो.

संध्याकाळच्या तक्त्यासाठी वेगळी प्रत कधी झालीच नव्हती. दुरुस्ती एकाच तक्त्यावर दोनदा बसत होती, म्हणून वारा जोराचा दिसत होता. अकेलोने प्रत केली, पुन्हा विचारलं. आता उत्तर नाही असं आलं. नवा अंदाज निघाला: वारा हलका.

"रिस्पर, तुझे फार उपकार झाले," अकेलो कुंपणाशी जाऊन म्हणाली.

"चुकले म्हणून?"

"हो, चुकलीस म्हणूनच."

ओकेयो रात्रीच्या मासेमारीचे दिवे घेऊन होडीकडे निघाला. जाता जाता त्याने अपियोच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझेही उपकार, खादाडे."

अपियोने हातातला मांदाझी अदोंगोला दिला. मग मामाकडून जाळ्याच्या दोऱ्याचा तुकडा मागून घेतला, स्वतःच्या मनगटाला बांधला आणि तो काकूला दाखवायला धावली.