रुमालाखालचा भाव

उत्तनचा इनास मॅट्रिक होऊन भाईंदरला वाडीलाल शेठकडे खरेदी शिकायला गेला, तेव्हा आम्ही येड्यांनी त्याला वाजतगाजत पाठवलं. लढाईचे दिवस. शेठ किनाऱ्यावरचा सुका बोंबील घेऊन पलटणींना पुरवायचा. आपला पोरगा खरेदीला बसला की आपल्याला चांगला भाव मिळणार, एवढंच आमचं गणित. इतके शहाणे आम्ही!

बोंबलाची पारख इनासला आईच्या पोटातूनच होती. शेठनं त्याला दुसरी विद्या दिली. "माल पछी, दीकरा," तो म्हणायचा. "पहिला माणूस बघ. तो कशाला भुलतो ते कळला, की माल तुझाच." वर्षभर त्यानं इनासला घरी फिरकू दिलं नाही. विकणाऱ्यांत ऊठबस ठेवली की खरेदी करणारा नासतो म्हणे. उत्तनचा माल स्वस्तात आणलास तर कायम करीन, पुढेमागे धंद्यात भागीदारी देईन, असं गाजर दाखवून ठेवलं होतं.

मे सरत आला. पाऊस तोंडावर, माल अंगणात, आणि मक्ता एकट्या शेठकडे. तो स्वतः इनासला घेऊन गावात आला. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नसत. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे. घेणाऱ्यानं विकणाऱ्याची जितकी बोटं धरली तितके रुपये मणाला, आणि विकणाऱ्यानं त्याचा पंजा गच्च दाबला की सौदा पटला. पहिला सौदा पटेल तोच भाव सगळ्या गावाला. म्हणून आम्ही पहिलं कोणाला बसवलं? इनासच्या बापाला, दुमिंगला.

"बापाला काय पोर बुडवील?" बर्नडेट काकी म्हणाली, आणि आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

दुमिंग लेकाला डोळे भरून बघत समोर बसला. "बरा हाय ना रं?"

"बसा," इनास म्हणाला आणि त्यानं रुमाल टाकला.

हात आत गेले. दुमिंगनं मान हलवली, म्हणजे भाव फारच पडका होता. पुन्हा हलवली. मग एकाएकी त्याचा चेहरा मऊ झाला. "भिऊ नको रं," तो पुटपुटला, आणि त्याचा खांदा पुढे झुकला.

इनासनं रुमाल ओढला. "पटला. दोन."

गेल्या साली चार होता. एकच गलका झाला.

"न्हाय, न्हाय!" दुमिंग ओरडला. "सौदा न्हाय तो! पोराचा हात थरथरत व्हता, म्हणून दाबून धरला मी. सांग ना रं यांना!"

इनास रुमालाची घडी घालू लागला. तोंड उतरलं ते शेठचं. भित्रा माणूस त्याच्या काय कामाचा? त्यानं दरडावून विचारलं, "हात थरथरत होता तुझा?"

बापाकडे न बघता इनास म्हणाला, "नाही, शेठ. मी थरथरवला."

 शेठ खो खो हसला, त्याची पाठ थोपटली आणि आमच्यादेखत त्याला कायम केलं. मला आयुष्यात इतका राग कधी आला नाही. वाटलं, दोघांना तसंच उचलून खाडीत फेकावं. पण आभाळ काळं झालं होतं आणि दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

दुमिंग अजून समोरच बसलेला होता. उठायचं त्याला सुचत नव्हतं.

"जरा सरका," इनास त्याला म्हणाला. "मागं लोक थांबलेत."