पिवळ्या पट्ट्याचं मतदान

जुनी इंजिनं जपणाऱ्या मंडळींत शहाणा माणूस मला अजून भेटायचाय. आणि हे मी लांबून बघून सांगत नाही, त्यातल्याच एकाशी मी उभा जन्म संसार केलाय.

आमचे हे वाफेच्या इंजिनावरचे ड्रायव्हर. पुढे ती इंजिनं भंगारात गेली, ह्यांनी डिझेल चालवलं, निवृत्त झाले, घरात बसून माझं डोकं खाऊ लागले. तेवढ्यात एक संस्था निघाली. एका बागेत एक इंजिन उभं करून ठेवलं होतं, पोरं त्याच्या चाकावर बसून आइस्क्रीम खायची. ते पुन्हा खऱ्या रुळांवर, मुख्य मार्गावर पळवायचं, म्हणे. हे पहिल्याच दिवशी सभासद झाले. मला नेलं इतिवृत्त लिहायला, कारण जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे माझं अक्षर लागतं. मला मत नाही. त्यांनी उधळलेली अक्कल लिहून ठेवायची, एवढंच माझं काम.

बॉयलरचं काम मुकाट्याने झालं. नळ्या बदलल्या, पत्रे बदलले, दाबाच्या चाचण्या झाल्या. त्यात माणूस भाजून मरू शकतो, पण त्यावरून कुणी आवाज चढवला नाही. भांडणं झाली ती रंगावरून. रंगसमितीचे प्रमुख होते एक दंतवैद्य. लोकांच्या दाढा कोरायच्या हत्याराने त्यांनी इंजिनाचा रंग कोरला आणि एकाखाली एक थर काढले. काळा, हिरवा, पुन्हा काळा, त्याखाली पुन्हा हिरवा. झालं! खरा हिरवा कोणता? एक निवृत्त ग्रंथपाल होते, त्यांच्याकडे जुना रंगीत फोटो. त्यातला हिरवा वेगळाच. दंतवैद्य म्हणाले, फोटो विटलाय. ग्रंथपाल म्हणाले, तुमची नजर विटलीय. मग अख्खा हिवाळा हे दोन बाप्ये एकमेकांशी बोलले नाहीत. एक खोलीत आला की दुसरा बाहेर. शाळेत असते तर दोघांना बाकावर उभं केलं असतं.

ह्या सगळ्या तमाशात आमचे हे मात्र गप्प. "रंग तुमचा, वाफ माझी," एवढंच म्हणायचे. कुणी दोन हिरव्या पाट्या समोर धरल्या, तर बघून न बघितल्यासारखं करायचे. चला, ह्या येड्यांच्या बाजारात आपला नवरा तरी जागेवर आहे, असं वाटून मला बरं वाटायचं.

ह्यांना एकच हवं होतं, ते इंजिन मुख्य मार्गावर एकदा चालवायचं. वयाच्या अटीत आता एवढाच उन्हाळा उरला होता. त्याआधी धावलं तर हे चालवणार, नाहीतर कायमचं घरी. दुसरं कोणी चालवू शकलं असतं तर ती माझी भाची. पोरगी मालगाड्या चालवते, आणि सुट्टीच्या दिवशी ह्यांच्या हाताखाली काजळी खात वाफेचं काम शिकली. परवानाही काढलाय. पण ती म्हणायची, "पहिली फेरी काकांची. मी कोळसा टाकीन." ह्यांच्यासारखीच तीही शहाणी, असं तेव्हा वाटायचं.

शेवटी दंतवैद्यांचा हिरवा लागला. चांगला दिसत होता, खोटं कशाला बोलू. मग मुख्य मार्गाच्या तपासनीस बाई आल्या. बुटांवर खडीची धूळ, हातात विजेरी. ब्रेक बघितले, बॉयलर बघितला, इंजिनाखाली आडव्या होऊन बघितलं. सगळं पास. सगळ्यांचे चेहरे फुलले. मग बाई उठल्या, कपडे झटकले आणि म्हणाल्या, "समोर एक मोठा विजेचा दिवा लावा, आणि पुढच्या तुळईवर रुंद पिवळा पट्टा मारा. गडद हिरवं इंजिन झाडीतून येताना दिसत नाही. रुळांवर माझी माणसं काम करत असतात."

दंतवैद्यांचा चेहरा असा झाला, जणू भूल न देता कुणी त्यांचीच दाढ उपटली.

सभा बसली. "तोंडाला पिवळं फासायचं? सगळं मूळ रूप आणायला आपण इतकी वर्षं घालवली, ती ह्यासाठी?" दंतवैद्यांनी विचारलं. आणि नवल बघा, ग्रंथपाल त्यांच्याच बाजूला जाऊन बसले! जे हिरव्यावरून भांडले ते पिवळ्यावरून एक झाले. "त्यापेक्षा शेडमध्ये उभं राहू दे," ग्रंथपाल म्हणाले, "निदान खरं तरी राहील." मी हे शब्दन् शब्द लिहून घेतलं. इंजिन धावायला केलं, आणि आता ते धावू नये म्हणून हे जिवाचं रान करत होते! बॉयलरवाली मंडळी ओरडली, अध्यक्षांनी टेबल आपटलं, शेवटी हात वर करायला सांगितले.

बरोबरी झाली. राहिले आमचे हे. मी इतिवृत्तात आधीच "पट्टा मंजूर" लिहायला घेतलं होतं. डोकं वर केलं, तर ह्यांचा हात विरोधात वर.

"अहो!" मी भर सभेत ओरडले. ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात ह्यांना खुर्चीत बसवलं आणि तोंड सोडलं. "एवढी वर्षं त्या धुडापायी माझ्या जिवाला घोर लावलात. झोपेत शिट्टीची दोरी ओढता. आणि आज त्या दात उपटणाऱ्याच्या बाजूने हात वर? पट्टा आवडला नाही म्हणून? तुम्हीसुद्धा त्यातलेच?"

"पट्ट्याचं काही नाही गं."

"मग कशाचं?"

ह्यांनी टेबलावरचा प्याला फिरवला. "मला तो पिवळा दिसला नसता. हिरवाही दिसत नाही. तांबडा आणि हिरवा दिवा मला सारखेच दिसतात. डोळ्याच्या मागची नस वाळलीय. डॉक्टर म्हणाले, चष्मा नाही, ऑपरेशन नाही. गाडी निघायची झाली, की आधी माझ्या डोळ्यांची तपासणी. पहिल्याच दिव्याला नापास."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. कच्चे हिरवे टोमॅटो घरी आणले होते ह्यांनी, आणि मी पिशवी घेऊन तरातरा जाऊन त्या भाजीवाल्याशी भांडले होते. बिचारा म्हणत होता, साहेबांनीच निवडले. एका पायात हिरवा, एका पायात तपकिरी मोजा. मी म्हणायची, वेंधळे.

"मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली. ड्रायव्हरला दिवा दिसत नाही, हे काय सांगायचं?"

"म्हणजे तुम्हाला नाही, तर कुणालाच नाही? ती पोरगी तुमच्यासाठी थांबलीय. आणि तुमची लाज झाकायला इंजिन शेडमध्ये कुजवायचं?"

मला ह्यांची कीव आली, पण खरं सांगते, राग जास्त आला. इतकी वर्षं त्या मूर्खांना नावं ठेवली, आणि सगळ्यात मोठा मूर्ख माझ्याच ताटाशेजारी जेवत होता. "पुढच्या सभेत तुम्ही सांगायचं," मी म्हणाले. "नाहीतर मी सांगेन, आणि मी सांगेन ते तुम्हाला आवडणार नाही."

पुढच्या सभेत हे उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलेलं. शेडच्या त्या खोलीत सगळे होते. भाची तेवढी बाहेर इंजिनाला तेल घालत होती. "मी मत बदलतो," हे म्हणाले. "पट्टा मारा. गाडी आमची भाची चालवेल. मला रंग दिसत नाहीत. सिग्नल दिसत नाहीत. मी आता चालवू शकत नाही."

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. खांद्यावर हात ठेवेल. निदान एखादा शब्द.

दंतवैद्यांनी घसा साफ केला. "मग आपलं इंजिन तुम्हाला कसं दिसतं?"

"करडं."

"करडं?" ते पुढे सरसावले. "कोणतं करडं?"

"अरे देवा!" ग्रंथपाल ताडकन उठले. "कारखान्यातून निघताना फोटोसाठी करडाच रंग द्यायचे! तो पहिला रंग!"

"तुम्हाला जनाची नाही तर मनाची..." मी सुरू केलं, पण ह्यांनी हात वर करून मला थांबवलं. डोळे मिटले. नीट विचार केला. "निळसर आहे," हे म्हणाले. "घासलेल्या कढईच्या बुडासारखं. बॉयलरच्या वरच्या अंगाला उजळ, खाली गडद."

"निळसर शक्यच नाही," ग्रंथपाल म्हणाले.

"मला दिसतंय की तुम्हाला?" हे कडाडले. चांगले कडाडले. त्या इंजिनाच्या कामात मी ह्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. तिघे टेबलावर ओणवे झाले आणि सुरूच झाले. हात मी मोजले. पट्टा मंजूर झाला, पण त्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

मी बाहेर आले. भाची चाकांमधून वाकून निघाली, हात फडक्याला पुसत.

"काय ठरलं, मावशी?"

"तू चालवणार."

तिचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "आणि काका?"

"काका आत आहेत," मी म्हणाले. "रंगावरून भांडतायत." आणि मला रडू फुटलं.