कोरं ठेवलेलं गाव

मी प्रादेशिक नियोजन मंडळात नकाशे काढते. रस्ता कुठून न्यायचा, पूर कुठवर चढेल, हे नदीकाठच्या गावांना आम्ही सांगतो. म्हणजे सरकार पैसे देतं तोवर. यंदा सरकारने अनुदान निम्म्यावर आणलं. साहेबांनी फर्मान काढलं, उरलेला खर्च गावांनी भरायचा. जे गाव हिस्सा देणार नाही, ते नकाशावर कोरं.

बाकीच्या गावांनी रडतखडत पैसे भरले. काठावरच्या शेवटच्या गावचा सरपंच माझा सख्खा दादा, आणि तो अडून बसला. म्हणाला, "नदी काय तुमचा नकाशा बघून येते? त्या पैशांत मी शाळेचं छप्पर घालीन." छप्पर गळत होतं, हेही खरंच.

"अरे, पाणी तुझ्या दारापर्यंत येईल," मी म्हटलं.

"तुझी वहिनी मला धड घरात घेत नाही, पाण्याला कुठली घेते?"

वहिनी आतून हसली. मलाही हसू आलं, काय करणार.

मी साहेबांच्या हातापाया पडले. निदान पुराची रेषा तरी छापू द्या, माझ्याकडे काढून तयार आहे. ते म्हणाले, "एकाला फुकट दिलं की सगळे मागतील." असा संताप आला, पण नोकरी माझी, गिळला.

पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले. माणसं हलवायला बस निघाल्या, चालकांच्या हातात आमचाच नकाशा. शेवटून दुसऱ्या गावातून बस माघारी फिरल्या, कारण पुढे कागद पांढरा होता. दादा शाळेतल्या पोरांना वर काढत होता. वहिनी पिशवी भरून दारात बसची वाट बघत राहिली. शेजारीण शिडीने छपरावर चढली. वहिनीचे गुडघे गेलेले, तिला चढता आलं नाही.

पाणी ओसरल्यावर दादा ऑफिसात आला. माझ्या टेबलावर गावच्या हिश्श्याचा चेक ठेवला आणि म्हणाला, "काढ आता."

मी कपाटातून ती रेषा काढलेला कागद आणला. त्याने बोट फिरवत फिरवत स्वतःचं घर शोधलं. बराच वेळ बोट तिथून हललं नाही.

"दारापर्यंत म्हणाली होतीस," तो म्हणाला. "खिडकीच्या वर गेलं गं."

मला रडू आवरेना. एवढ्यात साहेब आले, चेक बघितला आणि म्हणाले, "त्यांना पावती द्या."

मी पावती लिहिली. दादाने नीट घडी घालून ती खिशात ठेवली.