बटण एकच्या पुढे

साडेतीनला वादकप्रमुखांसमोर बसायचं होतं आणि अडीच वाजले तरी गिटारचा अँप ठरत नव्हता. तिचा जुना अँप आज सकाळीच धूर सोडून कायमचा गप्प झाला होता.

दुरुस्तीवाल्याच्या दुकानात दोन अँप शेजारी मांडले होते. दोन्ही त्यानेच जुन्या घडणीवर बांधलेले. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, तापल्यावर मागून डोकावलं तर राखेखालच्या निखाऱ्यासारखे. एक धाकटा, एका हाताने जिना चढवता येईल असा. दुसरा थोरला, दोघांनी उचलायचा. ती स्टुलावर बसली होती, मांडीवर आडवी लॅप स्टील गिटार, डाव्या हातात पोलादी कांडी. दाराजवळच्या बाकावर सासूबाई आणि त्यांच्या खांद्यावर चौदा महिन्यांची बाळी, आत्ता कुठे डोळा लागलेली.

वादकप्रमुखांचा निरोप सरळ होता. वाद्यवृंदातली स्टील गिटारची जागा रिकामी झाली आहे, तुमचं वाजवणं अजून कानात आहे म्हणून आधी तुम्हाला विचारतो. माईक मिळणार नाही. स्वतःचा अँप आणा, मी शेवटच्या रांगेत बसेन. सूर तिथवर पोचला तर जागा तुमची, नाहीतर साडेचारला दुसरे येताहेत.

"धाकटा तापलाय. वाजवा ताई," दुरुस्तीवाला म्हणाला.

तिने कांडी तारांवरून हळूच सरकवली. सूर मधात बुडवून काढल्यासारखा आला.

"हाच घेते."

"लगेच?"

"गोड आहे. आणि उचलायला हलका."

आधीच लख्ख असलेला स्क्रू-ड्रायव्हर दुरुस्तीवाला फडक्याने पुसत राहिला.

"सुरुवात कधी करणार?" बाकावरून सासूबाईंनी विचारलं.

"अहो आई, वाजवून झालं. ऐकू नाही आलं?"

"मला वाटलं तारा पुसतेयस."

दुकान ते केवढं, दहा पावलांचं. तिने अँपच्या आवाजाच्या बटणाकडे पाहिलं. काटा एकवर होता. आपण तो कधी तिथे नेला हेही तिला आठवेना. बाळी झोपली की गिटार काढायची, बटण एकवर ठेवायचं, बाळी कुशीवर वळली की हात उचलायचा. चौदा महिने असंच. बोटांनी आता तिला विचारणंच सोडलं होतं. आणि सभागृहात बावीस रांगा होत्या.

"वाढवलं तर उठेल ती," ती पुटपुटली. "रात्रभर किरकिरत होती."

"मग मी काय रात्रभर घोरत होते? उठली तर उठली, कुठली राणी लागून गेलीय." सासूबाईंनी बाळीचं डोकं नीट केलं. "लग्नाआधी तुला ऐकायला आम्ही तिकीट काढून आलो होतो. वर्षभर भिंतीपलीकडून जी कुजबुज ऐकतेय, ती ऐकायला मी उठून दारापर्यंतसुद्धा गेले नसते."

तिने बटण सहावर नेलं आणि तीन तारा एकदम छेडल्या. मध कुठल्या कुठे गेला. तिन्ही सूर फाटून एकमेकांत अडकले, त्यांचा गोळा झाला. बाळीने खांद्यावर तोंड घासलं.

"गिटारवाल्या पोरांना हाच फाटका आवाज लागतो," दुरुस्तीवाला आता बोलला. "तुमचं काम सुराची आस, त्याची गुंज, लांबवर टिकवायचं. सूर शेवटपर्यंत सरळ उभा राहायला हवा."

"थोरला लावा."

"तापू द्या जरा. घाई केली तर खरा आवाज कळायचा नाही."

पावणेतीन. काचेत लाली चढायला तयार नव्हती. बाळीची मूठ उघडत होती, मिटत होती. तिघंही श्वास रोखून बसले, जणू अँपसुद्धा झोपला होता.

"हं," दुरुस्तीवाला म्हणाला.

सहावर. तिने कांडी बाराव्या घरावर टेकवली आणि एकच तार छेडली. सूर भिंतींना लागून परत आला आणि बाळीने टाहो फोडला.

तिचा हात उचलला जाणारच होता.

"हात काढलास तर बघ," सासूबाई उभ्या राहत म्हणाल्या. "हिच्याकडे मी आहे. तू तुझं ऐक."

तिने दात आवळून कांडी दाबून धरली. रडण्याखाली सूर बुडाला, संपला असंच तिला वाटलं. तेवढ्यात बाळी श्वास घ्यायला थांबली. त्या एका श्वासात तिला ऐकू आलं: सूर तिथेच होता, बारीक झालेला, पण अखंड.

"थोरला," ती म्हणाली.

तीन वाजता एका बाजूने दुरुस्तीवाल्याने आणि दुसऱ्या बाजूने तिने तो गाडीत चढवला. सासूबाई मागून सूचना देत होत्या, बाळी त्यांच्या कानातलं ओढत होती.

सभागृहात वादकप्रमुख शेवटच्या रांगेत जाऊन बसले. इथून त्यांचा चेहराही दिसत नव्हता. व्हॉल्व्ह तापले. तिची बोटं सवयीने बटणाकडे गेली, एकवर थांबली. तिने बटण सहापर्यंत नेलं आणि वाजवलं. बाहेरच्या बोळातून बाळीचा आवाज आला. तिने शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत कांडी हलवली नाही.

वादकप्रमुख बावीस रांगा चालत मंचापाशी आले.

"साडेचारवाल्यांना नको म्हणून कळवतो," ते म्हणाले. "बाहेर कुणाचं मूल रडतंय?"

"माझं," ती म्हणाली आणि अँप बंद करायला वाकली.