निंगव्वाच्या अंगठ्याची दोरी

मित्रांनो, झोळीत तुमच्यापैकी पुष्कळ जण झोपले असतील, पण झोळीच्या दोरीकडे कोण बघतं? मी तीच. चांगली पाच हात लांब, आता जुनी झालेली. निंगव्वाला सातवा महिना लागला तेव्हा तिनं तीन विटक्या इरकली लुगड्यांचे काठ फाडून माझी वेणी घातली. एक टोक झोळीला बांधायचं. दुसऱ्या टोकाला तिनं पायाचा अंगठा जाईल एवढा वेढा ठेवला. अक्कलकोटकडच्या तिच्या माहेरी तिची आईही असंच करायची.

निंगव्वा सोलापुरात विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. मुलगी झाली, राजेश्वरी नाव ठेवलं, आणि सव्वा महिन्यानं सूप पुन्हा मांडीवर आलं. तंबाखूचा हात लेकराला लावायचा नाही, असा तिचा नेम होता. म्हणून हात विड्यांना आणि पाय लेकीला. ती मान वर करत नसे, पण अंगठा थांबत नसे.

ते माझे सुखाचे दिवस. दात येताना राजेश्वरीनं माझ्या झोळीकडच्या टोकाचा गोंडा चावून चावून भिजवला. तीन वर्षांची झाली तरी ती झोळी सोडेना. पाय बाहेर लोंबायचे आणि मला रग लागायची. एक गोष्ट मात्र फक्त निंगव्वाला आणि मला ठाऊक होती. मी एकाच बाजूनं ओढली जात नव्हते. लेकरानं कूस बदलली की तिकडूनही हलकासा हिसका येई, आणि निंगव्वा विडी वळता वळता गालात हसे. लेकरू जागं आहे, उचकी लागली आहे, झोपेत दचकलं आहे, सारं तिला अंगठ्यातून समजे.

राजेश्वरीला हे कुठून कळणार? तिचं लग्न ठरल्यावर एकदा कशावरून तरी दोघींत वाजलं. ती म्हणाली, "आई, तू मला मांडीवर कधी घेतलंस ते सांग. तुझी मांडी सुपाचीच होती."

निंगव्वानं हातातल्या विडीला दोरा गुंडाळला. काम आटोपल्यावर तिनं मला पेटीतून काढलं, वेढा अंगठ्यात घालून थोडा वेळ तशीच बसली, आणि पुन्हा घडी घालून ठेवलं.

गेल्या वर्षी निंगव्वा गेली. तेव्हा राजेश्वरीलाही सातवाच महिना होता. निंगव्वाच्या शेजारच्या केराबाईनं मला राजेश्वरीच्या हाती दिलं. तिनं मला पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. खालून तिच्या लेकीचं, आरोहीचं रडणं ऐकू यायचं, आणि विजेवर हलणाऱ्या झोळीची घरघर. मित्रांनो, जपून ठेवलं आहे की टाकून दिलं आहे, हे अंधारात पडलेल्या वस्तूला फारसं कळत नाही.

परवा दुपारी लाईट गेली. झोळी थांबली. राजेश्वरी चिंचोळीच्या एका कारखान्याचं काम घरून करते. मांडीवर लॅपटॉप होता आणि काम चारच्या आत पाठवायचं होतं. आरोहीचा सूर चढत गेला. आरोहीला बघायला आलेली केराबाई दारातूनच म्हणाली, "ती दोरी बांध की. पूजेला ठिवलीस व्हय?"

तिनं मला बांधलं. वेढा अंगठ्यात बरोबर बसला. डोळे कामावर, पाय चालू. हळूहळू रडणं निवलं, तसा राजेश्वरीनं पाय थांबवला. आणि मग आत आरोहीनं कूस बदलली.

राजेश्वरीची बोटं जागच्या जागी राहिली. तिनं आपल्या पायाकडे पाहिलं.

"केरामावशी," ती म्हणाली, "आईला कळायचं."

"काय कळायचं गं?"

लॅपटॉप बाजूला ठेवून राजेश्वरी नुसती बसून राहिली, पुढच्या हिसक्याची वाट बघत.

मित्रांनो, आम्हा जुन्या दोऱ्यांना कपाटात जपू नका. बांधा, झिजवा, तुटलो तर गाठ मारा. आणि आपल्याला कुणी जवळ घेतलं नाही असं कधी वाटलं, तर रुसण्याआधी एकदा खाली वाकून त्या माणसाचे पाय बघा. निंगव्वाच्या मांडीवरचं सूप सगळ्यांना दिसलं. तिचा अंगठा बघायला ती असेपर्यंत कुणी वाकलं नाही.