न दाबलेली लिंक

तोरदिस चौतीस वर्षं फ्लोरो गावच्या पोस्टात खिडकीवर बसली. निवृत्त झाल्यावर दर बुधवारी ती वाचनालयात गावातल्या वयस्कर मंडळींना बँकेच्या नावाने येणारे खोटे मेल ओळखायला शिकवू लागली. हे सुरू झालं शेजारच्या ओड्डवारमुळे. असल्याच एका मेलमधली लिंक दाबून तो नव्या बोटीसाठी साठवलेले दोन लाख क्रोनर घालवून बसला होता. बँकेने हात वर केले: खोटा मेल ओळखणं ही ग्राहकाची जबाबदारी. तेव्हापासून तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

एप्रिलमध्ये वर्गातल्या सगळ्यांना बँकेच्या नावाने एकच मेल आला. 'प्रिय ग्राहक, दोन दिवसांत खालच्या लिंकवर माहिती भरा, नाहीतर खातं बंद होईल.' पाठवणाऱ्याचा पत्ता भलताच.

"नाव नाही, घाई केवढी, वर धमकी!" तोरदिस म्हणाली. "पुसून टाका." सगळ्यांनी पुसला.

तिसऱ्या दिवशी दुकानात तिचं कार्ड चालेना. घेतलेले मासे-बटाटे तिथेच ठेवून ती बाहेर पडली. ओड्डवारचंही कार्ड बंद. दोघं तडक बँकेत गेली.

काउंटरवरच्या एस्किलने संगणकात पाहिलं. "तो मेल आमचाच होता. बाहेरच्या कंपनीकडून पाठवला होता. तुम्ही माहिती भरली नाहीत, म्हणून..."

"तुमचा?" तोरदिसचा आवाज चढला. "तुझ्या मागच्या भिंतीवर काय लिहिलंय? वाच. मोठ्याने."

एस्किल वळला. "आम्ही मेलमधून कधीही लिंक पाठवत नाही."

"मग? चोराचा वेष तुम्ही घालायचा आणि ओळखायचं आम्ही? ह्याने लिंक दाबली तर हा मूर्ख, मी नाही दाबली तर मी गुन्हेगार!"

"बाई, जरा हळू..."

"हळू कशाला? पोस्टात मी असा घोळ घातला असता, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला. कागद घे. लिही, तुमचा खरा मेल आणि खोटा मेल सारखेच दिसतात."

"असं लिहून देता येत नाही."

"मग साहेबाला बोलाव. आम्हाला घाई नाही."

ओड्डवार तिची बाही ओढत होता, "चल गं, लोक बघताहेत."

"बघू देत!"

दोन तासांनी साहेब आला. बँकेने स्वतःचाच नियम मोडला, एवढं त्याने लिहून दिलं. कार्डंही सुरू करून दिली.

त्या कागदाच्या जोरावर ओड्डवारने पुन्हा तक्रार केली: बँकच असे मेल पाठवते, तर ग्राहकाने खोटा ओळखायचा कसा? जूनमध्ये निम्मे पैसे परत आले. तो हसतच तोरदिसच्या दारात उभा राहिला. "चल, कॉफी माझ्याकडून."

"निम्मेच?" तिने खुर्ची पुढे सरकवली. "बस इथे. उरलेल्या पैशांसाठी आत्ताच पत्र लिहू."