उतरवलंत?

पट्टीच्या कडेने चिटणीसबाईंनी आणखी एक पाकीट फाडलं, पत्र वाचलं आणि डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवलं. तो गठ्ठा आता चहाच्या कपापेक्षा उंच झाला होता. उजवीकडे जेमतेम नऊ पत्रं होती.

जिन्याखालची ती खोली म्हणजे सरकारी रेडिओ केंद्रातल्या युनियनची कचेरी. हा रेडिओ कोणी ऐकतच नाही, तेव्हा अनुदान बंद करा, असा अहवाल आला होता. अनुदान गेलं की बासष्ट माणसं घरी बसणार होती, चिटणीसबाईंसकट. म्हणून युनियनने आठवडाभर रेडिओवरून विनंती केली होती: ऐकत असाल, तर काय ऐकता ते लिहून कळवा. पत्रं भरभरून आली. आज तीन वाजता ती अनुदानाचा निर्णय घेणाऱ्या समितीपुढे ठेवायची होती.

"किती झाली?" दादांनी दारातूनच विचारलं. दादा युनियनचे अध्यक्ष. वेळ विचारली तरी घोषणा दिल्यासारखी वाटायची.

"तीनशेच्या वर जातील. पण दादा, तुम्ही जरा बसा."

डावीकडची सगळी पत्रं पाणीकाकांबद्दल होती. रोज दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी पाणीकाका नदीच्या पाण्याची पातळी वाचत. वाचत कसली, शुद्धलेखन घालत. आधी ठिकाण, मग घसा खाकरून आकडा, मग तोच आकडा पुन्हा. शेवटी "उतरवलंत?" असं विचारून नावाडी आणि काठावरची माणसं लिहून घेईपर्यंत थांबत. रेडिओवर दोन सेकंदांची शांतता म्हणजे महापाप, पण काका खुशाल पाच-सहा सेकंद थांबायचे. दीड वर्षापूर्वी ते वारले. त्यांची जागा भरली नाही, बातमीपत्र बंद झालं, आणि त्या दहा मिनिटांत आता काहीच लागत नव्हतं.

"जुन्या आठवणी लिहिल्या असतील लोकांनी," दादा म्हणाले.

"परवाची तारीख आहे." बाईंनी एका नावाड्याचं पत्र पुढे सरकवलं. "मोठ्या पुलापाशी चार मीटर वीस. बरोबर उतरवलं ना, असं विचारतोय. मी पाणी मोजणाऱ्या कचेरीत फोन केला. परवा चार वीसच होतं. वर तिथला कारकून म्हणतो, आम्ही तुम्हाला आकडे पाठवणं कधीच बंद केलंय, तुम्हाला कळलं कुठून?"

दादांनी पत्र उलटं करून ठेवलं.

"ही पत्रं द्यायची नाहीत. समिती आपल्याला वेड्यात काढेल."

"मग सगळी फोडून झाल्यावर उरतील वीस-पंचवीस. तेवढीच दिली, तर अहवाल खरा ठरला म्हणून समजा."

एक वाजता दोघं दोन नंबरच्या स्टुडिओत गेले. काकांचा स्टुडिओ तोच. कुलूप दादांनीच उघडलं. माइक कधीच काढून नेला होता, टेबलावर मोडक्या खुर्च्या रचल्या होत्या. केंद्रातून जे बाहेर जातं तेच भिंतीवरच्या स्पीकरवर ऐकू येई. एक वाजून पाच मिनिटांनी त्यातून नुसती खरखर आली. दादांच्या जिवात जीव आला.

"बघा. काही नाही. लोकांना भास होतात."

पर्समधून एक पत्र काढून त्याच्या खाली लिहिलेला नंबर बाईंनी फिरवला आणि मोबाइल दोघांच्या मध्ये धरला. पत्र एका निवृत्त शिक्षिकेचं होतं.

"नमस्कार, मी रेडिओ केंद्रातून..."

"थांबा हो, आत्ता नको! चालू आहे."

पेन्सिलीची खसखस ऐकू आली. तिच्यामागे, लांबून, कोणीतरी घसा खाकरला. काहीतरी बोललं गेलं, ते पुन्हा बोललं गेलं. मग शांतता, चांगली पाच-सहा सेकंदांची.

"उतरवलं," शिक्षिका म्हणाल्या. ते फोनवरच्या माणसाला नव्हतं.

दादांनी खुर्चीचा पाय घट्ट धरला होता. स्पीकर खरखरतच होता. बाई घाबरल्या. पण त्याच क्षणी त्यांना इतकं बरं वाटलं, की स्वतःचीच लाज वाटली. काकांच्या हाताखाली त्या शिकल्या होत्या. काका गेल्यावर ती जागा वाचवायला युनियनने साधा अर्जसुद्धा केला नव्हता. तो अर्ज बाईंनीच लिहायचा होता आणि त्यांच्याकडूनच राहून गेला होता.

तीन वाजता समितीच्या टेबलावर दोन्ही गठ्ठे होते. दादा शेजारी बसले होते. समितीच्या प्रमुखांनी दहा-बारा पत्रं वाचली, चष्मा पुसला आणि आणखी चार वाचली.

"एवढी माणसं ऐकतात? एका पाण्याच्या बातमीसाठी?"

"ऐकतात आणि लिहून घेतात, साहेब."

"अहवालात तर हा कार्यक्रमच नाही." प्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं. "आणि तुमच्या बासष्ट जणांच्या यादीत हा माणूसही नाही. कंत्राटी आहे का?"

दादा खोकले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "कायम."